आप्पलपोटे आणि वानखडेकाका

वानखडेकाका कोणाला नमस्कार करत नसत. ते तुमच्या हातातला कॅन उचलून बघत.

कात्रजला आमच्या घरामागे जी टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी सकाळी सव्वासहाला ते उभे असत. अंगात जुना खाकी शर्ट, डोक्याला बाराही महिने तपकिरी माकडटोपी, आणि उजव्या हाताची दोन बोटं आकड्यासारखी वाकवलेली. टेकडीवरच्या झाडांना पाणी घालायला येणारे आम्ही तिसेक लोक. प्रत्येकाच्या हातात तेल संपल्यावर घासून घेतलेला पाच लिटरचा कॅन. काका तो दोन बोटांवर तोलत, क्षणभर डोळे मिटत आणि आकडा सांगत.

"पावणेपाच. चला."

"साडेचार. बरं."

आणि मग, अगदी त्याच सुरात, "साडेतीन. आप्पलपोट्या."

ज्याला हा शब्द मिळे तो मुकाट्यानं पायथ्याच्या नळावर परत जाई. त्यात एक निवृत्त न्यायाधीश होते आणि एक हाडांचे डॉक्टर होते. एकदा एका इंजिनिअर गृहस्थांनी इरेला पेटून घरून ताणकाटा आणला. काकांच्या बोटांत आणि काट्यात वाटीभर पाण्याचा फरक निघाला, तर काकांनी काट्याकडेच असं बघितलं की त्या गृहस्थांनी तो पुन्हा आणला नाही. छत्तीस वर्षं काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. भरलेला माल हाताखालून जाताना हलका लागला की बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. "तिथं चिमूटभर कमी भरलेलं सुटलं असतं तर सीमेवर कोणीतरी तोंडघशी पडला असता," ते म्हणत. "इथं फक्त एक झाड मरतं. पण बोटांना ते कुठं कळतं."

माझी त्यांची पहिली भेट माझ्या साखरेमुळे झाली. रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज टेकडी चढायला सांगितलं. मी नवे बूट, नवी टोपी आणि पाण्याची एक छोटी बाटली अशा थाटात पायथ्याशी पोचले. एका अनोळखी म्हाताऱ्यानं माझी बाटली हातातून काढून घेतली आणि दोन बोटांवर टांगली.

"अर्धा लिटर. कोणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "प्यायला."

"आप्पलपोटी," ते म्हणाले आणि बाटली परत दिली.

बावन्नाव्या वर्षी, नव्या बुटांत, एका परक्या माणसाकडून आप्पलपोटी. मी टेकडी न चढता घरी आले आणि नवऱ्याला सगळं साभिनय सांगितलं. मला वाटलं तो चिडेल, जाऊन जाब विचारेल. तो खुर्चीवरून घसरेपर्यंत हसला आणि म्हणाला, "पंचवीस वर्षं मी हाच शब्द शोधत होतो." दुसऱ्या दिवशी मी रागारागानं पाच लिटरचा कॅन काठोकाठ भरून नेला. पाणी घालणाऱ्यांत माझी भरती झाली ती अशी.

आता हा शब्द. मी सदाशिव पेठेत वाढलेली बाई आहे. आप्पलपोटा म्हणजे काय हे मला माकडटोपीवाल्यानं शिकवावं असं काही नव्हतं. पण काकांकडे त्या शब्दाचा सातबारा होता. तेही शब्द त्यांचा नसताना. काका मूळचे अमरावतीकडचे. विसाव्या वर्षी नोकरीसाठी खडकीला आले आणि पहिल्याच दुपारी एका खानावळीत जेवायला बसले. मधे पोळ्यांची टोपली ठेवलेली. काकांनी तिच्यातल्या सगळ्या पोळ्या आपल्या ताटात घेतल्या. गावाकडे वाढणारी बाई पुन्हा पुन्हा येते, नको नको म्हणून हात आडवा धरावा लागतो. इथं टोपली बाकावरच्या सहा जणांची आहे हे त्यांना कोण सांगणार? खानावळवाल्या बाईंनी रिकामी टोपली बघितली, काकांचं ताट बघितलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "आप्पलपोटा दिसतोय."

"मला अर्थ माहीत नव्हता," काका सांगत. "पण बाकीच्या पाच जणांचे चेहरे माहीत झाले. मी खात होतो आणि ते बघत होते. त्या दिवसापासून पोळी घेताना आधी बाकावरची डोकी मोजतो." आणि मग, "पुण्यानं मला फुकट दिलेली ही एकच वस्तू."

टेकडीवर मधल्या टप्प्यावर एक सपाट कातळ आहे. पाणी घालून झालं की आम्ही तिथं टेकायचो आणि काकांपुढे खटले मांडायचो. मी खटले आणण्यात पुढे. माझा नवरा दुधावरची सगळी साय खातो आणि दूध तसंच ठेवतो, हा कोण?

"आप्पलपोटा. स्वार्थी असता तर दूधही पिऊन टाकलं असतं."

आमच्या गल्लीतला रस्ता हातभर खाऊन ज्यानं इमारत बांधली, तो बिल्डर?

"तो स्वार्थी. त्याला सगळं दिसतं, रस्त्याच्या नकाशासकट. दिसतं म्हणून तर खातो."

आणि वर्षातून एकदा, मुलाला प्रवेश हवा असला की फोन करणारी माझी मावसबहीण?

"मतलबी. त्यातल्या त्यात बरी. येते तरी."

"आणि आप्पलपोटा?" न्यायाधीशांनी एकदा विचारलं. त्यांना व्याख्या लागायची.

काकांनी टोपी कपाळावरून वर सरकवली. "स्वार्थ्याला समोरचा माणूस दिसतो, म्हणून तर तो त्याला चुकवतो. आप्पलपोट्याला समोरचा दिसतच नाही. आपल्या ताटापलीकडे ताट असतं हे त्याला ठाऊकच नसतं. वाईट नसतो हो तो. नुसता भरलेला असतो." आणि मग त्यांनी वापराचा नियम सांगितला, जो मला तेव्हा गंमत वाटला. "हा शब्द पुढाऱ्याला, दलालाला, परक्याला वाया घालवायचा नाही. त्यांच्यासाठी वेगळे आहेत. हा घरातला शब्द आहे. लहान मुलाला म्हणतो ना आपण, सगळे लाडू एकटा खातोस, आप्पलपोट्या? का म्हणतो? कारण उद्या तो एक लाडू बहिणीला देईल अशी आशा असते. ज्याच्याकडून आशा आहे, त्यालाच द्यायचा. आशा संपली की गप्प बसायचं."

झाडांचा नियमसुद्धा याच शब्दातून निघालेला होता. तिथली झाडं आम्ही कोणा ना कोणाच्या आठवणीत लावलेली. कोणाची आई, कोणाचा भाऊ. माझा बहावा माझ्या वडिलांचा, नंबर चार. काकांच्या आग्रहामुळे झाडावर नावाची पाटी नाही, तारेनं बांधलेला नुसता पत्र्याचा आकडा. सुरुवातीला जो तो आपापल्या झाडाला पाणी घाली, आणि त्यात कोणालाच काही चुकीचं वाटलं नव्हतं. मग एका उन्हाळ्यात लिमये आजींचे गुडघे गेले आणि त्यांचं येणं बंद झालं. त्यांच्या मुलाचं झाड होतं ते, ऐन तिशीत गेलेल्या. दोन्ही बाजूंना दोन कडुनिंब हिरवेगार, त्यांना रोज पाच-पाच लिटर, आणि मधे आजींच्या मुलाची वाळलेली काडी. माणसं रोज त्या काडीला वळसा घालून जात होती. काकांनी त्या दिवशी हा शब्द पहिल्यांदा अनेकवचनात वापरला. "सगळे आप्पलपोटे. मीसुद्धा. मीही रोज इथूनच गेलो."

तेव्हापासून नियम असा की आपल्या झाडाला आपण पाणी घालायचं नाही. दसऱ्याच्या सकाळी कातळावर जमायचं, काका वर्षातून एकदा माकडटोपी काढणार, त्यांचं टक्कल उन्हाला दिसणार आणि त्या टोपीत आकड्यांच्या चिठ्ठ्या. जो आकडा येईल ते झाड वर्षभर तुमचं. आपलाच आकडा आला तर चिठ्ठी परत टाकायची. आणि कोणतं झाड कोणाचं, हे विचारायचं नाही, सांगायचं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मला सतरा नंबर आला आणि माझं नशीब फिरलं.

सतरा म्हणजे टेकडीच्या पार टोकाला, कातळाच्याही वर, निसरड्या मुरुमाच्या चढावर. आणि झाड कोणतं, तर मोह. आता मोह हे विदर्भातल्या जंगलातलं झाड. पुण्याच्या उघड्या टेकडीवर मोह कोण लावतं? सहा वर्षांत जेमतेम माझ्या खांद्याला लागलेलं, रुसल्यासारखं. मी पहिल्या दिवसापासून त्याच्याविषयी तक्रार केली, आणि काकांकडेच केली. "ज्यानं कोणी लावलंय त्याला झाडांतलं काही कळत नाही," मी म्हटलं. काका म्हणाले, "असेल."

माझ्या वाटेवर, चढाच्या आधी, नंबर चारचा बहावा लागे. आमचा बाबा. तो त्या वर्षी शेवाळेमामांकडे आला होता. मामा इथलेच, टेकडीच्या पायथ्याची शेतं गेल्यावर फ्लॅटमध्ये राहायला आलेले, कधी यायचे, कधी भावकीच्या लग्नात अडकायचे. पौष संपता संपता एक दिवस बहाव्याचं आळं कोरडं दिसलं. मी इकडेतिकडे बघितलं आणि घोटभर ओतलं. दुसऱ्या दिवशी दोन घोट. फेब्रुवारीत माझा हिशेब असा बसला होता की पाचांतले चार बाबाला आणि उरलेला एक वर चढून सतराला. कॅन हलका झाला की चढही सोपा जातो. काका वजन बघत ते पायथ्याशी. वर कोण बघतंय?

मोहाची पानं गळली. मोहाची गळतातच त्या दिवसांत, मी वाचून घेतलं होतं. नवी तांबूस पालवी मार्चमध्ये यायला हवी, तेही वाचलं होतं, पण तेवढं मी बाजूला ठेवलं.

काकांचा त्या वर्षीचा आकडा होता अठरा, सतराच्या पुढे दहा पावलांवरचा करंज. म्हणजे रोज ते भरलेला कॅन घेऊन मोहाजवळून जात. उभे राहत. बघत. पुढे जात. आणि खाली आले की मला विचारत, "सतरा काय म्हणतंय?"

"झोपलंय," मी म्हणे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "सतरा काय म्हणतंय?"

महिनाभर रोज. मला त्या प्रश्नाचा एवढा वैताग आला की एप्रिलच्या एका सकाळी मी सुनावलंच. "काका, एवढी काळजी असेल तर तुमच्या कॅनमधलं वाटीभर ओता ना जाता जाता. शेजारीच तर आहात."

"ते मला आलेलं नाही," ते म्हणाले.

"म्हणून मरू द्यायचं?"

काका उतरायला लागले. मी शेजारच्या डॉक्टरांना म्हटलं, "बघा, हट्ट बघा. अमरावतीचं ऊन डोक्यात गेलंय." एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती, आणि मी ती घरी मिरवलीही होती. होळीपासून काकांनी मला आप्पलपोटी म्हणणं बंद केलं होतं. कॅनमध्ये चारच लिटर असलं तरी नुसतं "चला" म्हणत. मला वाटलं, बढती मिळाली.

मे महिना लागला. बहावा असा फुलला की लोक खाली थांबून फोटो काढायला लागले. दोन माणसांचं पाणी पिणारं झाड, फुलेल नाहीतर काय करेल? मी त्याच्याखाली उभी राहून फोटो काढून घेतला आणि भावाला पाठवला. त्या दिवशी शेवाळेमामा आणि मी पायथ्याच्या टपरीवर चहा पीत होतो. मामांनी कप खाली ठेवला.

"ताई, येक बोलू का? नियम मोडतोय, पर बोलतो."

"बोला की."

"बहाव्याला मी आठ दिस पानी घातलं न्हाई. तरी आळं वलं. कोन घालतंय ते मला म्हाईत हाय. बापाचं झाड हाय, मी समजू शकतो." त्यांनी मिशी पुसली. "पर तुमचं पानी जिथनं कमी व्हतंय, ते सतरा नंबर कुनाचं हाय, तुम्हाला म्हाईत न्हाई व्हय?"

"नाही."

"वानखडे वहिनींचं हाय. काकांच्या मंडळींचं. त्यांच्या माहेरच्या रानातनं रोप आणलं व्हतं काकांनी, रेल्वेत मांडीवर घेऊन. खड्डा मीच खांदला."

मामा आपल्या शांत आवाजात पुढे म्हणाले, "आनि त्यांनी बघितलंय तुम्हाला बहाव्यापाशी. होळीच्या आदीच. मी शेजारी व्हतो. मला म्हनले, चला."

तो चहा मी कसा संपवला हे मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की लाजेपेक्षा आधी मला राग आला, आणि तोही काकांचा. चार महिने हा माणूस भरलेला कॅन घेऊन स्वतःच्या बायकोच्या झाडाजवळून जात होता. झाड वाळताना बघत होता. आणि मला विचारत होता, सतरा काय म्हणतंय.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन पायथ्याशी गेले. काकांनी दोन्ही बोटांवर घेतले. "दहा. लग्न आहे का कुठं?"

"सतरा नंबर कोणाचं आहे ते मला कळलंय."

त्यांनी कॅन खाली ठेवले. "शेवाळेला नियम पाळता येत नाही."

"तुम्ही मला बहाव्यापाशी बघितलं होतं. मग बोलला का नाहीत? एरवी शंभर वेळा ऐकवता तो शब्द, आणि खरी वेळ आली तेव्हा गप्प?"

काका चिडले की पंचेचाळीस वर्षांचं पुणं गळून पडे आणि खालचं वऱ्हाड दिसे. "काहून बोलू मी? ते माझं झाड आहे. माझ्या झाडासाठी तुमच्यावर ओरडलो असतो, तर तो राग कोणाच्या पोटातला? दुसऱ्या कोणाचं असतं तर त्याच दिवशी सोललं असतं तुम्हाला."

"आणि स्वतः घालायचं होतं थोडं."

"नियम कोणी केला?"

आता मी काय करावं या माणसाचं? मागे न्यायाधीश उभे, डॉक्टर उभे, रांग लागलेली. मी माझ्या गुन्ह्याची शरम विसरले, आणि जे बोलायला नको होतं ते बोलून गेले.

"काका, चूक माझी आहे, मी चोर आहे. पण तुम्ही कोण आहात? नियम तुमचा, मान तुमचा, आणि तहान मात्र वहिनींच्या झाडाला. आपल्या ताटापलीकडचं ताट दिसत नाही त्याला काय म्हणतात, ते तुम्हीच सांगितलंत त्या कातळावर. तुम्हीसुद्धा आप्पलपोटे आहात. फक्त तुमच्या ताटात पोळ्या नाहीत, नियम आहेत."

दूर प्राणिसंग्रहालयाच्या बाजूला एक मोर ओरडला. मला वाटलं, आता माझी टेकडी सुटली.

काकांनी उजव्या हाताची दोन बोटं हळूहळू वाकवली, जणू हवेत काही टांगलेलं आहे. डोळे मिटले.

"पाच," ते म्हणाले. "पूर्ण पाच."

मग त्यांनी स्वतःचा कॅन उचलून माझ्या हातात दिला आणि माझा एक आपण घेतला. "हे पाणी मी भरलंय. तुम्ही घाला. सतरा तुम्हाला आलेलं आहे, तेव्हा नियमाला धक्का नाही. तुमचं मी अठराला घालतो."

एवढ्या भांडणानंतर या गृहस्थांनी नियमाला वळसा घातला नव्हता. नियमातच एक दार काढलं होतं. मी कपाळाला हात लावला, पण कॅन घेतला.

मोहापाशी मी वाकून ओतायला लागले. काका तीन पावलं दूर, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"हळू," ते म्हणाले. "मुळाशी घाला. वरून नको. तिला डोक्यावरून पाणी घेणं आवडायचं नाही."

मी पुढे काही बोलले नाही, आणि माझ्यासारख्या बाईच्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

त्या मे महिन्यात आम्ही रोज कॅन बदलत होतो. पायथ्याशी त्यांचा माझ्याकडे, माझा त्यांच्याकडे. नव्या माणसांना वाटे हा काही व्यायामाचा प्रकार आहे. बहाव्याकडे मी बघायचंही टाळे. मोहाचा शेंडा मात्र परत हिरवा झाला नाही. दोन फांद्या खडखडीत वाळल्या. महिन्याच्या शेवटी बुंध्याशी, मुरुमाला लागून, तांब्याच्या रंगाची दोन पानं आली, बोटभर. मी धावत खाली जाऊन सांगितलं तर काका म्हणाले, "मोजून सांगा. दोन की तीन?" मी परत वर गेले आणि मोजून आले. दोनच होती.

पुढच्या दसऱ्याला सुरू झालेलं वर्ष काकांनी पूर्ण केलं नाही. आषाढात छातीत दुखलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं. मुलगी वैशाली हडपसरला एका कंपनीत आहे, ती लॅपटॉप घेऊन खाटेजवळ बसलेली. मी गेले तेव्हा काका टोपीशिवाय होते, त्यामुळे आधी ओळखूच आले नाहीत. सलाईनच्या बाटलीकडे बघून म्हणाले, "वर पाचशे लिहिलंय. काढून देत नाहीत हातात, नाहीतर सांगितलं असतं." मी मोसंबी नेली होती. सोलत बसले आणि बोलत बसले. सतराला आता चार पानं आहेत, न्यायाधीश परवा साडेतीनच लिटर घेऊन वर गेले, कोणी विचारलं नाही, तुमच्यावाचून शिस्त राहिली नाही, असं सगळं. मी बोलायला लागले की मला कशाचं भान नसतं. बोलता बोलता माझं लक्ष हाताकडे गेलं. फोडी संपल्या होत्या. सगळ्या मीच खाल्ल्या होत्या.

काका माझ्याकडे बघत होते. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"आप्पलपोटी," ते म्हणाले.

सव्वा वर्षानं. मी दवाखान्याच्या जिन्यावरून उतरले ती पदक मिळाल्यासारखी. रिक्षात बसल्यावर मात्र त्यांचा वापराचा नियम आठवला, आणि मग कात्रज येईपर्यंत मी रिक्षावाल्याला नीट पत्ताही सांगू शकले नाही. चार दिवसांनी काका गेले.

दसऱ्याला वैशाली माकडटोपी घेऊन कातळावर आली. टोपीला अजून त्यांच्या डोक्याचा आकार होता. काकांसाठी आम्ही एक झाड लावलं होतं, त्याचाही आकडा चिठ्ठ्यांत होता. कुठला ते मी सांगणार नाही. वैशालीनं पहिली चिठ्ठी काढली आणि उघडून तशीच उभी राहिली. आम्हाला न दाखवताही कळलं.

"ऱ्हाऊ दे पोरी," शेवाळेमामा म्हणाले. "आईचं हाय. तूच घाल. आज कोन इचारतंय?"

तिनं चिठ्ठी घडी करून टोपीत परत टाकली. "मामा, बाबा विचारतील," ती म्हणाली. दुसरी काढली. तो आकडा चार होता. म्हणजे आता काकांची मुलगी माझ्या वडिलांना पाणी घालते. दर रविवारी हडपसरहून येते, आणि इतर दिवशी तिनं इथल्या एका मैत्रिणीला लावून दिलंय. बहावा यंदा बेताचाच फुलेल. तेच बरं.

सतरा एका नव्या मुलाकडे गेलं. सॉफ्टवेअरमधला, पंचविशीचा, कानांत सतत काहीतरी घातलेलं. आठवड्यात त्याची आणि मोहाची काय गत होणार हे मला पायथ्यावरूनच दिसलं. यंदा मला एकोणीस आलंय, म्हणजे रोज मी भरलेला कॅन घेऊन सतराजवळून जाते. चारांची सात पानं झाली आहेत. मी उभी राहते, मोजते आणि पुढे जाते. पुढे जायला किती बळ लागतं हे मला या वयात, साखर असताना, शिकायला लागावं, याचा मला रोज सकाळी नव्यानं वैताग येतो.

परवा तो मुलगा हलत डुलत आला. माझा हात आपोआप पुढे गेला. त्याचा कॅन मी दोन बोटांवर घेतला आणि डोळे मिटले. मला काकांसारखं जमत नाही, पण एवढं कळलं.

"साडेतीन," मी म्हटलं. "आप्पलपोट्या."

त्यानं कानातलं काढलं. रागावला नाही, निमूट नळाकडे गेला, भरून आला. चढावर माझ्या बरोबरीनं चालता चालता त्यानं विचारलं, "काकू, ते इतकंसं झाड आहे. सगळे त्याच्याकडे बघत जातात. कोणाचं आहे ते सतरा नंबर?"

सांगायला माझी जीभ शिवशिवत होती. अख्खी गोष्ट तोंडात तयार होती, खानावळीपासून.

"तुझं," मी म्हटलं आणि पुढे गेले.